राजसेवक आणि त्यांचे वैद्य

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका जुन्या स्नेह्याचा मुलगा आम्हांस भेटावयास आला होता. वैद्यकाची वरची परीक्षा चांगल्या रीतीनें उतरून तो एका मोठ्या शहरांतील इस्पितळांत काम करीत आहे. त्या इस्पितळांत मंत्री, वरिष्ठ सचिव, न्यायाधीश, परदेशचे वकील वगैरे थोर मंडळींसाठीं एक निराळा मजला आहे. त्या मजल्यावर नेमण्यासाठीं कांहीं तरुण डॉक्टरांस निवडून वर्षभर खास शिक्षण द्यावयाचें ठरलें, आणि निवडलेल्यांत याचें नांव आलें. वडिलांनीं पेढे वाटले. मुलगा मात्र आमच्याकडे येऊन चहा निवून जाईपर्यंत गप्प बसला, आणि मग म्हणाला, “काका, तुम्ही नीतिशास्त्र शिकवतां. ही जागा घ्यावी कीं नाहीं, तें मला सांगा.”

आम्हीं तीस वर्षें नीतिशास्त्र शिकविलें हें खरें. पण त्या शास्त्राचा सल्ला मागावयास कोणी घरीं आल्याचा दुसरा प्रसंग आम्हांस आठवत नाहीं. या जागेंत न घेण्यासारखें काय आहे, असें आम्हीं साहजिकच विचारलें. तेव्हां त्यानें एक हकीकत सांगितली. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठीं एक वरिष्ठ अधिकारी त्या मजल्यावर दाखल झाले होते. सात डॉक्टर त्यांस पाहून गेले. ज्या तपासण्या एकदां व्हावयाच्या त्या तीनदां झाल्या. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. तिसऱ्या दिवशीं रात्रीं रोग्याचे हात कांपूं लागले, दरदरून घाम सुटला, भिंतीवर किडे चालतांना दिसूं लागले, आणि ते बिछान्यांतून उठून पळूं लागले. मेंदूला कांहीं झालें म्हणून एकच धांवाधांव झाली; यंत्राखालीं घालून मेंदूचीं चित्रें काढलीं; मेंदूच्या तज्ज्ञास मध्यरात्रीं झोपेंतून उठवून आणलें. शेवटीं पहाटे पहाटे एका वयस्क परिचारिकेनें विचारलें कीं, साहेब रोज घेत असत काय? साहेब वीस वर्षें रोज घेत असत, आणि गेले तीन दिवस ती एकाएकीं बंद झाली होती. सामान्य विभागांत येणाऱ्या हमालास किंवा रिक्षावाल्यास जो प्रश्न पहिल्या पांच मिनिटांत विचारतात, तो या सातांपैकीं एकानेंही विचारला नव्हता. “कागदावर त्या प्रश्नापुढें नुसती रेघ होती,” तो म्हणाला, “आणि ती रेघ मीं मारली होती.”

आतां या विषयाचें नांव काढतांच बहुतेकांच्या मनांत पहिला विचार येतो तो समतेचा. रोगापुढें राव आणि रंक सारखे असतां एकासाठीं निराळा मजला आणि दुसऱ्यासाठीं ओसरीवरची सतरंजी, हें कां? २०२२ च्या ऑक्टोबरांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें खासदारांच्या उपचारांसाठीं एक निराळी कार्यपद्धति ठरविली, तेव्हां डॉक्टरांच्या संघटनांनीं या प्रश्नावरून आवाज उठविला, आणि थोड्याच दिवसांत ती पद्धति मागें घेण्यांत आली. हा वाद महत्त्वाचा आहे. पण त्यांत आज आम्हांस शिरावयाचें नाहीं. ज्याच्या सहीवांचून हजारों लोकांचीं कामें अडून राहतात, त्यानें रांगेंत अर्धा दिवस घालवावा असें आम्हांसही वाटत नाहीं. आम्हांस जी शंका आहे ती निराळी आहे. या व्यवस्थेनें गरिबाचें काय होतें हें सर्वांस दिसतें. तिनें त्या थोर रोग्याचें, आणि त्याच्या डॉक्टराचें, काय होतें हें सहसा कोणी पाहत नाहीं.

थोरांच्या सेवेसाठीं डॉक्टर निराळे तयार करावे, ही कल्पना नवी नव्हे. मॉस्को येथें राष्ट्राध्यक्षांच्या कारभारखात्याच्या हाताखालीं डॉक्टरांस पदव्युत्तर शिक्षण देणारी एक अकादमीच आहे. तिचें मूळ सोव्हिएत काळच्या आरोग्यमंत्रालयाच्या चौथ्या मुख्य संचालनालयांत सांपडतें. या संचालनालयाचीं स्वतःचीं इस्पितळें, स्वतःचे दवाखाने, स्वतःचीं आरोग्यधामें असत, आणि पक्षाचे व सरकारचे वरिष्ठ लोक कुटुंबांसह तेथें उपचार घेत. तेथील जमीन लांकडी नक्षीची आणि डॉक्टर मात्र अर्जांतील कुळशील पाहून घेतलेले, असा एक यमकबद्ध विनोद रशियन लोकांत रूढ होता. विनोद सोडला तरी अशा शिक्षणांत शिकविण्याजोगें पुष्कळ आहे हें कबूल केलें पाहिजे. साठी उलटलेल्या, रात्रंदिवस काम करणाऱ्या माणसाचें हृदय व रक्तवाहिन्या, विमानांत किंवा परमुलखांत अवचित उद्भवलेलें दुखणें, निरनिराळ्या हवापाण्याचे रोग, विषप्रयोगाचीं लक्षणें, जखमी माणसास गर्दींतून हलविण्याचें तंत्र, आणि तोंड बंद ठेवण्याची संवय. हें सारें शिकवितां येतें आणि शिकविलेंही पाहिजे. प्रश्न आहे तो याच्या पलीकडचा. मॉस्कोच्याच इतिहासांतून तो जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे कोठें क्वचितच दिसेल.

१९२५ सालीं मिखाइल फ्रुंझे हा तेथील लष्करखात्याचा प्रमुख होता. त्याला पोटांतील व्रणाचा जुना विकार होता. शस्त्रक्रिया करून घ्यावी असा निर्णय पक्षाच्या श्रेष्ठींच्या आग्रहानें झाला. आतां आपणांस अगदीं बरें वाटत आहे, असें त्यानें शस्त्रक्रियेच्या आधीं थोडेच दिवस पत्नीस लिहिलें होतें. पण पक्षाचा शिपाई तो. नाहीं कसें म्हणणार? २९ ऑक्टोबर रोजीं त्याचें पोट उघडलें. भूल लवकर चढेना म्हणून तिचें प्रमाण वाढवावें लागलें, आणि ३१ तारखेस तो मरण पावला. हा खून होता असें पुष्कळ बोललें गेलें, आणि बोरीस पिल्न्याक या लेखकानें त्या कुजबुजीवर लिहिलेली कथा १९२६ सालीं ‘नोवी मीर’ मासिकांत येतांच तो अंकच सरकारनें जप्त केला. खून होता कीं नाहीं या वादाचा निकाल लावण्याचें आम्हांस कारण नाहीं. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, त्या खोलींत रोगी होता, डॉक्टर होते, आणि तिसरें कोणी तरी होतें. आणि निर्णय त्या तिसऱ्याचा होता. उच्च अधिकाऱ्याचें शरीर त्याच्या एकट्याचें राहत नाहीं, तें सरकारच्या मालमत्तेंत जमा होतें. आणि मालमत्तेची डागडुजी केव्हां करावी हें मालमत्ता ठरवीत नसते.

पुढें खुद्द स्टॅलिनचीच गोष्ट घ्या. १९५२ च्या जानेवारींत त्याचे डॉक्टर व्लादिमिर विनोग्रादोव यांनीं त्यास तपासलें. रक्तदाब फार वाढला होता, रक्तवाहिन्या कठीण झाल्या होत्या. विनोग्रादोव यांनीं कोणताही डॉक्टर कोणत्याही तसल्या रोग्यास सांगेल तेंच सांगितलें: काम सोडा व विश्रांति घ्या. नाक्यावरच्या किराणा दुकानदारास हा सल्ला दिला असता तर तो फार तर म्हणाला असता कीं, दुकान कोण पाहील? पण जो एकट्याच्या मुठींत अर्धें जग धरून बसला होता, त्याला ‘काम सोडा’ या शब्दांत राजद्रोहाचा वास आला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत विनोग्रादोव तुरुंगांत गेले. १३ जानेवारी १९५३ रोजीं, देशाच्या पुढाऱ्यांस औषधोपचाराच्या मिषानें ठार मारण्याचा कट उघडकीस आल्याचें जाहीर झालें. त्यांत नांवें होतीं तीं नामांकित डॉक्टरांचीं, आणि त्यांतील बहुतेक यहुदी होते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ अशी आपल्याकडे म्हण आहे; येथें गरज सरण्यापूर्वींच वैद्यास मारावयास काढलें. सात आठवड्यांनीं, १ मार्च रोजीं, स्टॅलिन आपल्या खोलींत जमिनीवर पडलेला आढळला. पहारेकऱ्यांस दिवसभर दार उघडण्याचा धीर झाला नव्हता. डॉक्टर पोहोंचले ते दुसऱ्या दिवशीं सकाळीं, आणि ते सर्व नवे, कारण जुने कोठडींत होते. रोग्याची नाडी पाहतांना त्यांचे हात कांपत होते असें तेथें हजर असलेल्यांनीं लिहून ठेवलें आहे. ५ तारखेस तो मेला. ४ एप्रिल रोजीं जुन्या डॉक्टरांस निर्दोष म्हणून सोडून देण्यांत आलें. विनोग्रादोव पुन्हा कामावर रुजू झाले.

हीं जुलमी राज्याचीं उदाहरणें आहेत, आमच्याकडे तसें कांहीं नाहीं, असें वाचक म्हणतील. म्हणूनच आम्हांस तिसरें उदाहरण अधिक बोलकें वाटतें. कारण त्यांत जुलूम नाहीं, निव्वळ आदर आहे. सेर्गेई कोरोल्योव म्हणजे ज्याच्या बुद्धीनें पहिला उपग्रह व पहिला मानव अंतराळांत गेला तो प्रमुख योजक. तो इतका मोलाचा कीं, जिवंत असेतों त्याचें नांवही गुप्त ठेविलें होतें. १४ जानेवारी १९६६ रोजीं त्याच्या आंतड्यावरील एक लहानशी गांठ काढावयाची होती. एवढ्या मोठ्या माणसावर हत्यार कोणी चालवावें? अर्थात् आरोग्यमंत्र्यांनीं. मंत्री बोरीस पेत्रोव्स्की हे कांहीं राजकारणी वैदू नव्हते. आदल्याच वर्षीं त्यांनीं त्या देशांतील मूत्रपिंड बदलण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली होती. पण असली किरकोळ गांठ काढण्याचें काम जो दुय्यम शल्यवैद्य रोज सकाळीं करतो, त्याचा हात मंत्र्याला कोठून असणार? आंत पाहतां गांठीमागें मोठी गांठ निघाली. थोडक्यांत आटोपणारें काम तासच्या तास लांबलें. तरुणपणींच्या तुरुंगवासांत रोग्याचा जबडा मोडलेला असल्यामुळें श्वासनलिकेंत नळी नीट बसेना, असें सांगतात. अखेर हृदय थांबलें. सामान्य वॉर्डांत हा रोगी वांचला असता असें आम्ही म्हणत नाहीं. पण तेथें रोग्याच्या दर्जाशीं डॉक्टराचा दर्जा जुळविण्याची कोणास आठवण झाली नसती. आणि दर्जा जुळला म्हणजे हात जुळला, असा समज करून घेण्याचा धोका नेमका आदर जेथें असतो तेथेंच असतो.

या दोषाला वैद्यकांत नांवही पडलें आहे. वॉल्टर वाइनट्रॉब या अमेरिकन मानसवैद्यानें १९६४ सालीं एका निबंधांत त्याला ‘थोर रोग्याचा विकार’ अशा अर्थाचें नांव दिलें. थोर माणसें इस्पितळांत आलीं म्हणजे डॉक्टर नेहमींचा क्रम सोडतात आणि उपचार बिघडतो, हें त्याचें थोडक्यांत सांगणें. विकार रोग्याच्या नांवानें ओळखला जातो खरा, पण तो जडलेला असतो डॉक्टराला.

परराष्ट्रवकिलांची स्थिति याहून चमत्कारिक आहे. कारण त्यांचा डॉक्टर जवळ असतो आणि धनी दूर. पुन्हा मॉस्कोच. तेथील अमेरिकन वकिलातीच्या इमारतीवर सूक्ष्म विद्युल्लहरींचा झोत सोडला जात असे, हें अमेरिकन सरकारास दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांतच कळलें होतें. १९६० नंतरच्या दशकांत त्या कचेरींतील लोकांचें रक्त तपासणीसाठीं घेण्यांत आलें. कशासाठीं, तर एका विषाणूचा अभ्यास चालला आहे, असें त्यांस सांगण्यांत आलें. लहरींविषयीं त्यांस सांगितलें गेलें तें १९७६ सालीं. त्या लहरींनीं कोणास अपाय झाल्याचा खात्रीलायक पुरावा १९७८ च्या पाहणींत आढळला नाहीं. पण आमच्या मुद्द्याला त्यानें बाध येत नाहीं. दंडांत सुई खुपसणाऱ्या हातावर त्या माणसांनीं जो विश्वास टाकला होता, तो हात आपल्यासाठीं काम करीत नाहीं हें त्यांस ठाऊक नव्हतें. सुई टोंचणाऱ्यालाही तें पूर्णपणें ठाऊक असेल असें नाहीं.

आपले प्राचीन वैद्य या बाबतींत अजाण नव्हते. राजाच्या वैद्यानें काय करावें यासाठीं सुश्रुतानें दोन ठिकाणीं विवेचन केलें आहे: एक लष्कराच्या तळाविषयीं, दुसरें राजाच्या स्वयंपाकघराविषयीं. तळावर वैद्याचा तंबू राजाच्या तंबूलगत असावा व तो निशाणासारखा दुरून ओळखूं यावा. मुदपाकखान्यावर त्याची नजर असावी. विषारी अन्न विस्तवांत टाकतां कसें तडतडतें व तें पाहून चकोराच्या डोळ्यांचा रंग कसा उडतो, हें त्यास माहीत असावें. कौटिल्य तर वैद्यानें औषध आधीं स्वतः चाखावें असें सांगतो. हें सर्व राखणीचें ज्ञान आहे आणि तें निराळें शिकविलें, हें रास्तच झालें.

पण याहून मार्मिक गोष्ट चरकसंहितेच्या सिद्धिस्थानांत आहे (हा भाग दृढबलानें पुरा केला असें विद्वान मानतात). नेहमींच आजारी असणारे लोक कोण, असा प्रश्न तेथें निघतो, आणि उत्तरांत चार वर्ग सांगितले आहेत. वेदपाठी ब्राह्मण, वेश्या आणि व्यापारी हे तीन. चौथा वर्ग राजसेवकांचा. राजसेवक कां? तर त्यांस धन्याचें मन सांभाळावें लागतें, दुसऱ्याच्या कलानें चालावें लागतें, चिंता फार आणि भय सदैव. त्यामुळें ते वेळेवर जेवत नाहींत आणि शरीराचे स्वाभाविक वेग दाबून धरतात. आजच्या एखाद्या सचिवाचें हें वर्णन नव्हे असें कोण म्हणेल? रात्रीं अकरा वाजतां मंत्र्यांचा निरोप येईल म्हणून ताटावरून उठणारे अधिकारी आम्हीं पाहिले आहेत.

मात्र हा उतारा वाचतांना आमच्या मनांत आलें तें असें. राजसेवकाची शुश्रूषा करावयास जो वैद्य खास शिकवून नेमला, तो स्वतः कोण झाला? तोही राजसेवकच झाला. त्यालाही दुसऱ्याचें मन सांभाळावयाचें आहे. त्याची बढती, बदली, राहण्याची जागा ज्यांच्या हातीं आहे तेच त्याच्यापुढें सदरा काढून बसले आहेत. आणि तोही एक स्वाभाविक वेग दाबून धरतो. प्रश्न ओठांवर येतो आणि तो कागदावर रेघ मारतो. अशा डॉक्टरास वर्षभर कांहींही शिकवा. त्याचें ज्ञान वाढेल, पण ज्या ज्ञानानें तो रोग्याच्या उपयोगीं पडावयाचा तें ज्ञान त्याला त्या मजल्यावर मिळण्यासारखें नाहीं. हमालास ‘दारू पितोस काय?’ म्हणून बेधडक विचारण्याची संवय ज्या जिभेला आहे, तीच जीभ कधींकाळीं साहेबांस तें अदबीनें विचारूं शकेल.

येथें एक अडचण आम्ही लपवीत नाहीं. डॉक्टरानें खरें बोलावें हें ठरलें, पण कोणाजवळ? १९४४ च्या मार्चांत ब्रूएन या तरुण हृदयतज्ज्ञानें अध्यक्ष रूझवेल्ट यांस तपासलें, तेव्हां रक्तदाब भयंकर व हृदय थकलेलें आढळलें. रोग्यानें विचारलें नाहीं आणि डॉक्टरानें सांगितलें नाहीं. नाक-घशाचे तज्ज्ञ असलेले अध्यक्षांचे मुख्य वैद्य मॅकिन्टायर यांनीं लोकांस प्रकृति ठीक असल्याचें सांगितलें. नोव्हेंबरांत रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले, आणि १२ एप्रिल १९४५ रोजीं वारले. ब्रूएन यांनीं हें सविस्तर लिहिलें तें १९७० सालीं. १९८३ च्या नोव्हेंबरांत आंद्रोपोव संचलनास आले नाहींत, तेव्हां जगास सांगितलें तें पडसें. प्रत्यक्षांत त्यांचीं मूत्रपिंडें निकामीं होऊन रक्त यंत्रानें धुवावें लागत होतें. रोग्याचें गुपित राखणें हा वैद्याचा जुना धर्म आहे, आणि त्याच्या प्रकृतीवर कोट्यवधींचें भवितव्य अवलंबून असतें हेंही खोटें नाहीं. वर्गांत हा प्रश्न निघाला म्हणजे आम्ही दोन्ही बाजू मांडून घंटा होण्याची वाट पाहतों. तूर्त आमचें मत असें आहे कीं, लोकांस काय सांगावें हें ठरविण्याचें ओझें त्या एकट्या डॉक्टरावर टाकूं नये; पण स्वतः रोग्यास न सांगण्यास मात्र कोणतीच सबब नाहीं. ब्रूएन यांस रोग्यानें विचारलें नाहीं, ही सबब आम्हांस पटत नाहीं. रेघ मारण्याचाच तो एक सभ्य प्रकार आहे.

हें सर्व आम्हीं त्या मुलास बरेंच घोळवून सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “काका, तुम्हांला असा प्रसंग कधीं आला होता?”

आला होता. पुष्कळ वर्षांपूर्वीं, त्या वेळीं आम्ही ज्या कॉलेजांत होतों त्याच्या नियामक मंडळांतील एका गृहस्थांचा मुलगा आमच्या वर्गांत होता. इतरांच्या उत्तरपत्रिका आम्हीं एकदां वाचल्या. त्याची तीनदां वाचली. अन्याय होऊं नये म्हणून, असें तेव्हां आम्हीं स्वतःस सांगितलें. तिसऱ्या वाचनानंतर दोन गुण वाढले आणि तो उत्तीर्ण झाला. कोणी शब्द टाकला नव्हता, कोणी धमकीही दिली नव्हती. ते दोन गुण त्याच्या हक्काचे होते कीं नाहीं, हें आम्हांस आजही ठाऊक नाहीं. आणि इतर उत्तरपत्रिका तीनदां वाचल्या असत्या तर आणखी कोणाचे दोन गुण वाढले असते, हेंही ठाऊक नाहीं. हें आम्हीं घरांतही कधीं सांगितलें नव्हतें. त्या मुलास सांगितलें.

तो कांहीं बोलला नाहीं. मग आम्हीं त्यास म्हटलें, “जागा घे, पण आठवड्यांतून तीन दिवस खालीं सामान्य बाह्यरुग्ण विभागांत बसावयास मिळेल, असें लिहून घे.” तो हंसला. आजवर असें कोणीं मागितलें नाहीं, आणि वर नेमलेल्या माणसानें खालीं बसणें तेथें पायउतार समजतात, असें त्यानें सांगितलें. तरी त्यानें तसा अर्ज दिला आहे. परवां त्याच्या वडिलांची गांठ पडली तेव्हां ते आमच्याशीं नेहमींपेक्षां थोडे कमी बोलले. अर्जाचें उत्तर अजून आलेलें नाहीं.